'वैकुंठ' शब्दाचा धडा

मराठीच्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्स येतात ते बहुधा मराठीचे स्तुतिपाठक म्हणून. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'तील भाषागौरवाच्या ओव्या पाठ करून घेतल्या जातात, एका इंग्रज जेझुइटाने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून त्या मिरविल्या जातात आणि धडा संपतो. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. त्यात ख्रिस्ती माणूस मराठीचा कौतुक करणारा पाहुणा ठरतो, घरचा नव्हे. शिवाय दोन संस्कृती एकमेकींशी कशा बोलतात, हे विद्यार्थ्यास कळतच नाही.

ते शिकविण्यास या ग्रंथातील एकच शब्द पुरेसा आहे : वैकुंठ. ख्रिस्ती स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी हा वैष्णवांचा शब्द स्वीकारला. पवित्र आत्म्याचे नाव मात्र 'स्पिरितू सांतू' असे परकेच ठेवले. एक कल्पना मराठीत उतरली आणि दुसरी का उतरली नाही? पुराणश्रवणाची सवय असलेल्या साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्याच्या मनात 'वैकुंठ' ऐकताना कोणते चित्र उभे राहिले असेल? तुकोबांचे वैकुंठगमन ऐकून वाढलेला विद्यार्थी आणि प्रार्थनेत 'स्वर्ग' म्हणणारा विद्यार्थी एकाच बाकावर असतात. दोघांनाही हा प्रश्न विचारावा. उत्तरे निराळी येतील आणि ती एकमेकांना समजावून सांगताना खरा अभ्यास होईल.

मात्र शिक्षकाने अर्धीच गोष्ट सांगू नये. साष्टीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेल्यावर गावच्या प्रमुखांचीही हत्या झाली. संवाद समपातळीवरचा नव्हता. श्रोत्याच्या छंदात आणि शब्दांत बोलण्याचे स्टीफन्स यांचे कष्ट थोर आहेत; तरी त्या श्रोत्याला नकार देण्याची मुभा किती होती, हा प्रश्न वर्गात उपस्थित झालाच पाहिजे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, तोही याच प्रदेशात.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. त्यांचे कोंकणी व्याकरण मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. लोकांस शिकविणारा हा माणूस आधी लोकांच्या भाषेचा विद्यार्थी झाला होता. स्तुतीच्या ओव्या अवश्य शिकवाव्यात, पण या शिकण्यानंतर. मग त्या पाहुण्याचे कौतुक वाटणार नाहीत.