बेरीज एक, अर्थ अनेक
नैराश्य ओळखण्यासाठी २००१ साली मांडलेल्या ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा अधिक आली, तर पुढील तपासणी. सोय मोठी, पण ही पट्टी सर्वांना सारखीच लागते का? बुधवार पेठेत रात्री काम करणाऱ्या स्त्रीची झोप कामामुळेच मोडते, तर अप्पा बळवंत चौकात पुस्तके धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षेच्या धास्तीने. दोघांचे गुण १२ भरले, तरी अर्थ एकच असेल असे नाही. २०१६ मध्ये फ्रीड व सहकाऱ्यांनी नैराश्याच्या चार प्रचलित मोजपट्ट्या तपासल्या. काळानुसार त्याच रुग्णांतही प्रश्नांचे परस्परसंबंध बदलले होते. मग गुण घटले, यात आजार किती घटला आणि पट्टी किती बदलली? म्हणून बेरजेला आपण सूचना मानावे, निदान नव्हे. मात्र मरणाच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज उत्तर आले, तर बेरीज न पाहता त्या विद्यार्थ्याशी बोलावे व तज्ज्ञांची मदत घ्यावी.