चिन्ह, वर्तन आणि व्याकरण : 'झेडझेडटी'ची संहिता

'झेडझेडटी' (1991) ही टिम स्वीनी यांची निर्मिती खेळ म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ लेखनसाधनात आहे. अमेरिकेतील मेरीलँड येथे विद्यार्थिदशेत स्वीनी यांनी घरगुती संगणकासाठी मजकूर-संपादक लिहावयास घेतला. त्यातील कर्सर पुढे खेळातील पात्र झाला. लेखनाचा बिंदूच नायक व्हावा, ही घटना संहिताविचाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या खेळाच्या पडद्यावर चित्रे नाहीत. 80 स्तंभ व 25 ओळींत बसणारी अक्षरचिन्हे आणि 16 रंग, एवढीच सामग्री. सिंह म्हणजे ग्रीक 'ओमेगा', वाघ म्हणजे 'पाय'. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, या सोस्यूरच्या प्रतिपादनाचा हा जणू वस्तुपाठच. मात्र किल्लीसाठी योजलेले स्त्रीलिंगदर्शक चिन्ह आकारसादृश्यावर उभे आहे. यादृच्छिकता आणि सादृश्य येथे शेजारी नांदतात. दोहोंना अर्थ देते ते वर्तन. वाघ गोळ्या झाडतो, सिंह झाडत नाही. वाघाचे 'वाघपण' या भेदापुरतेच आहे.

खेळासोबत त्याचा संपादकही ग्राहकाच्या हाती दिला होता. त्यातील 'ऑब्जेक्ट' या घटकाला हवे ते अक्षररूप आणि स्वतंत्र आज्ञावली देता येते. या आज्ञावलीच्या भाषेत साधी ओळ म्हणजे उद्गार. '#' या खुणेने आरंभणारी ओळ म्हणजे कृती. बोलणे हेही करणेच, असे सांगून ऑस्टिनने पुसलेली सीमारेषा येथे एका खुणेने पुन्हा आखली जाते.

मग वाचक लेखक झाला आणि बार्थने घोषित केलेला लेखकाचा मृत्यू येथे घडला, असे मानावे काय? तसे मानणे घाईचे ठरेल. सिंह-वाघांचा मूळ स्वभाव ग्राहकाला बदलता येत नाही. त्याने रचलेल्या जगाला एका वेळी घडामोडींच्या केवळ 10 खुणा स्मरणात ठेवता येतात. कथेची स्मृती किती असावी, हे कथाकार ठरवीत नाही. व्यवस्थेचा कर्ता ठरवितो. लेखक मरत नाही, तो वाक्यातून व्याकरणात सरकतो.

पुढील इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो. स्वीनी यांच्याकडील मूळ आज्ञावली नष्ट झाली. ग्राहकांनी रचलेली अनेक जगे मात्र टिकली. 2020 मध्ये वितरित प्रतीचे विघटन करून, स्वीनी यांच्या अनुमतीने, ती आज्ञावली पुनर्रचित झाली. तिच्यापासून सिद्ध होणारा खेळ मुळाशी तंतोतंत जुळतो. परंतु लेखकाने लिहिलेल्या टिपा आणि त्याने घटकांना दिलेली अंतर्गत नावे अशा विघटनातून परत येत नाहीत. पाठचिकित्सेच्या परिभाषेत, पाठ निश्चित झाला आणि हस्ताक्षर हरवले. लेखकाचा शब्द गेला, त्याचा नियम उरला; आणि त्या जगांवर सत्ता नियमाचीच होती.