हातातली बंदूक आणि खिशातला परवाना

‘रेगे’ २०१४ साली आला तेव्हा त्याच्याबद्दल जे काही बोललं-लिहिलं गेलं, ते बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरत राहिलं. दिग्दर्शक अभिजित पानसे यांनी चकमकफेम पोलीस अधिकाऱ्यांची खरी नावं पडद्यावर तशीच ठेवली होती. महेश मांजरेकर प्रदीप शर्मा झाले होते, पुष्कर श्रोत्री सचिन वाझे. सगळी चर्चा त्या दोघांची झाली. पण सिनेमाला नाव आहे ते एका पोराचं. अनिरुद्ध रेगे चांगल्या घरातला, शिकणारा मुलगा आहे. त्याला काही कमी नाही, कोणाचा सूड घ्यायचा नाही, त्याची जमीन कोणी हडपलेली नाही. एखादा क्रिकेटपटूचा चाहता होतो त्या ओढीने तो गुन्हेगार आणि त्यांना मारणारे पोलीस या दोघांच्या जगाकडे खेचला जातो. आरोह वेलणकरने हे कुतूहल फार नेमकं उभं केलं आहे. त्याच्या डोळ्यांत हिंसा अजिबात नाही, कौतुक आहे. हे कौतुक नेमकं कशाचं, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. मीही दहा वर्षं विचारला नव्हता.

माझं उत्तर असं आहे. रेगेला बंदुकीचं आकर्षण नाही. ती चालवण्याची ज्याला मुभा आहे, त्या माणसाचं त्याला आकर्षण आहे. शर्मा गोळी झाडतो म्हणून तो मोठा नाही, गोळी तर टोळीतलं कोणतंही पोरगं झाडतं. शर्माला गोळी झाडल्यावर पळावं लागत नाही, म्हणून तो मोठा. मराठी सिनेमात तरुण आणि बंदूक ही जोडी अनेकदा आली, पण तरुणांना हवी असते ती वस्तू की परवानगी, हा फरक मला फक्त ‘रेगे’त दिसला.

मधल्या काळात वास्तवाने त्या सिनेमाला एक लांबलचक पुरवणी जोडली. प्रदीप शर्मा पोलीस दल सोडून २०१९मध्ये नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. मार्च २०२१मध्ये सचिन वाझे यांना एका उद्योगपतीच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएने अटक केली. जूनमध्ये त्याच तपासात शर्मांनाही अटक झाली. २००६ सालच्या लखनभैया चकमक प्रकरणात शर्मांना २०१३मध्ये सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं. मार्च २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आज ‘रेगे’ पाहताना ही सगळी माहिती डोक्यात असते. सिनेमा त्यामुळे जुना व्हायला हवा होता, उलट तो जास्त धारदार झाला आहे. मुभा दिली जाते तशी काढूनही घेतली जाते, हे आता पडद्याबाहेरून कळतं.

सेलूला आम्ही काही जण महिन्यातून एकदा सिनेमा लावतो आणि त्यावर बोलतो. येणारी मुलं-मुली अठरा ते चोवीस वयाची. बहुतेक शेतकऱ्यांची, निम्मी पोलीस भरतीच्या तयारीत. पहाटे मैदानावर १६०० मीटर धावतात, गोळाफेक करतात आणि दिवसभर सामान्यज्ञानाची पुस्तकं पालथी घालतात. त्यांना ‘रेगे’ दाखवला तेव्हा मला वाटलं होतं की चकमकींच्या बऱ्या-वाईटावर वाद होईल. तो दहा मिनिटांत आटोपला. मग एक जण म्हणाला, “सर, थो रेगे येडाच हाय. याले त फक्त पाहाले भेटलं. बंदूक बी त्यायची, पावर बी त्यायची. याचं काय?” दुसऱ्याने त्याला थांबवलं, “अबे, पावर बंदुकीची नसते. बंदुकीचा कागद ज्याच्यापाशी, पावर त्याची.” ‘कागद’ म्हणजे परवाना. समीक्षकाने पानभर लिहून जे सांगावं, ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

याच मुलांना ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) तोंडपाठ आहे. प्रवीण तरडे यांच्या या सिनेमाची ताकद मला मान्य आहे. जमीन विकल्यावर आलेला पैसा उडून जातो आणि बाप जिथे पाटील होता तिथेच वॉचमन होतो, ही घसरण मोहन जोशींनी ज्या वाकलेल्या खांद्यांनी दाखवली, ती मराठी सिनेमातल्या उत्तम कामांपैकी आहे. पण राहुलच्या हातात हत्यार आलं की कॅमेऱ्याची चाल बदलते. ओम भूतकर चालत येतो तेव्हा खालून घेतलेली चौकट, मंद केलेली गती, पाठीशी ढोल. सिनेमा तोंडाने सांगतो, या वाटेला जाऊ नका. डोळ्यांनी मात्र वाट दाखवत राहतो. त्यातलं गाणं वर्षभर प्रत्येक वरातीत वाजलं. वरातीतल्या गोळीबारासाठी वेगळी शिक्षा ठेवावी लागेल असं केंद्र सरकारला २०१९च्या दुरुस्तीत वाटलं, ते काही आपल्या सिनेमामुळे नव्हे. उत्तरेतली ती जुनी हौस आहे. तरी ‘मुळशी पॅटर्न’चा दोष राहतोच, आणि तो नीतीचा नसून निरीक्षणाचा आहे. राहुलला हत्यार मिळालं की सगळं मिळतं, असं तो मानतो. मुलांना माहीत आहे की असं होत नाही. टोळीतल्या पोराची बंदूक त्याला चार वर्षं जगवते. परवानावाल्याची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला टांगलेली असते आणि एकदाही न झाडता काम करते.

डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्या खुनात बंदूक नव्हती. तरी पुढचे काही आठवडे महाराष्ट्र बंदुकीच्या परवान्यांवर बोलत होता. हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, त्या एका जिल्ह्यात हजारावर परवाने आहेत हे बाहेर आलं, आणि मग प्रशासनाने ते रद्द करायला सुरुवात केली. खून लोखंडी हत्यारांनी आणि चर्चा परवान्यांची, हे वरवर विसंगत वाटतं. पण लोकांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. कोणाला परवाना मिळाला आहे, यावरून कोण कोणाचा माणूस आहे ते कळतं. जिल्ह्याचा खरा नकाशा त्या यादीत असतो.

आता जे आपल्या सिनेमा-कादंबऱ्यांत दिसत नाही, त्याबद्दल. सेलू तालुका एका बाजूने बोर व्याघ्र प्रकल्पाला टेकलेला आहे. बोर २०१४मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्रफळ जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. हिंगणीकडच्या शेतांत रानडुकरं आणि रोही उतरतात, अधूनमधून वाघही. शेतीची वीज बरेचदा रात्री येते, म्हणजे ओलिताला रात्रीच जावं लागतं. या भागातला तरुण बंदुकीचा विचार करतो तो इथे, बांधावर, हातात बॅटरी घेऊन. आणि कायद्याने त्याचा विचार केलेलाही आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करतं. चौदावं कलम तर असं म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. वाचायला किती छान आहे! प्रत्यक्षात गावात अशी बंदूक एखाद्या म्हाताऱ्याकडे, वडिलोपार्जित. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करा, निवडणूक संपली की परत आणा. मुलांना ती नको असते. हेलपाटे कोण घालणार, आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळीच.

म्हणून मग तार. कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह ही विदर्भातल्या गरिबाची बंदूक आहे. तिला परवाना लागत नाही, नेम लागत नाही आणि ती समोर कोण आहे ते पाहत नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये ब्रह्मपुरीकडून पकडून बोरमध्ये सोडलेल्या वाघिणीला गोळी घालण्याचा आदेश निघाला होता, उच्च न्यायालयात त्यावर वाद झाला, नेमबाज फिरत होते. ती मेली वर्धा जिल्ह्यातल्याच एका शेताच्या कुंपणात, विजेच्या धक्क्याने. अशा तारांना चिकटून माणसंही मरतात, कधी स्वतः तार लावणाराच. एवढं नाट्य समोर पडलेलं असताना आपल्या लेखकांना बंदूक म्हटली की पुणे-मुंबईचा भाईच का आठवतो, हे मला खरोखर कळत नाही. शेतावर जागल करणाऱ्या पोराच्या डोक्यात रात्री दोन वाजता काय चालतं, यावर एक कथा तरी असायला हवी होती.

एक अपवाद सांगायलाच हवा, जरी तो शेजारच्या नव्हे तर लांबच्या जिल्ह्यातला आहे. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी. हेमलकशात राहून लिहिलेल्या या पुस्तकातला माडिया तरुण बंदुकीकडे खेचला जात नाही, ढकलला जातो. जंगलात काय तोडायचं, काय मारायचं, कुठे जायचं, या प्रत्येक गोष्टीला कोणाची तरी परवानगी लागते आणि ती परवानगी देणारा प्रत्येक जण काहीतरी मागतो. मनोहरांचं गद्य साधं आहे, काही ठिकाणी अहवालासारखं कोरडंही. पण बंदूक येण्याआधी परवानग्यांचा किती मोठा ढीग साचलेला असतो, हे त्यांनी धीराने दाखवलं. ‘मुळशी पॅटर्न’ला ही सबुरी नाही.

हल्ली मुलांच्या बोलण्यात ‘गन राइट्स’ हा शब्द येतो. तो यूट्यूबवरून आला आहे, अमेरिकन वादांच्या तुकड्यांतून. तिथे १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि तिथली त्यांच्याच वयाची मुलं या प्रश्नावर दुभंगलेली आहेत. पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर २०१८च्या मार्चमध्ये रस्त्यावर उतरलेली पोरं एकीकडे, आणि शस्त्र म्हणजेच स्वातंत्र्य असं मानणारी दुसरीकडे. आमच्यातल्या एकाने गांधीजींचं वाक्य पुढे केलं. इंग्रजांच्या सर्व दुष्कृत्यांत अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचं. सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्याला ते सापडल्याचा आनंद जरा जास्तच झाला होता. वाक्य खरं आहे. पण ते आहे १९१८च्या खेड्यातल्या म्हणजे खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं. पलटणीत या, शस्त्र चालवायला शिका, मग हा कायदा जाईल, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे तिथेही बंदुकीची वाट भरतीच्या मैदानावरूनच जात होती.

हक्काची मागणी मात्र आपल्याकडे खरंच झाली होती, आणि ती या मुलांनी वाचावी असं मला वाटतं. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी त्याचीच आठवण देऊन दुरुस्ती सुचवली. कामत तिथे आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, हा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली आणि आपल्याकडे बंदूक कायमची परवान्याची गोष्ट झाली. मला आंबेडकरांचा निर्णय योग्य वाटतो. ज्या गावात विहिरीवर पाणी भरायचा हक्क अमलात आला नव्हता, त्या गावात बंदुकीचा हक्क आधी कोणाच्या हातात गेला असता, हे सांगायला नको. पण हेही खरं की परवाना म्हटलं की देणारा आला, आणि देणाऱ्याच्या दारात कोणाची ओळख आहे हा प्रश्न आला. हक्क नाकारल्याने विषमता टळली. परवान्याने ती मागच्या दाराने थोडी आत आली.

वयाचा तिढा तर विनोदी आहे. नागरिकाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना नाही. अग्निवीर म्हणून मात्र साडेसतराव्या वर्षी भरती होता येतं, आणि चार वर्षांनी बहुतेकांना ती बंदूक परत करून घरी यावं लागतं. ज्याला चार वर्षं मुभा होती आणि मग नाही, अशा पोराची गोष्ट कोणीतरी लिहील तेव्हा ती ‘रेगे’च्या पुढची पायरी असेल.

त्या संध्याकाळी मुलींपैकी एकच बोलली. ती भरतीत एकदा दोन गुणांनी राहिली होती. म्हणाली, “मले बंदूक नाई पाह्यजे सर, वर्दी पाह्यजे. गावात रात्री बारा वाजता गाडीवर एकटी येईन, अन् कोणी विचारणार नाई कुठून आली म्हून.” मुलं हसली. मला मात्र तिचं बोलणं ऐकताना ‘रेगे’तली एक उणीव पहिल्यांदा दिसली. त्या सिनेमात मुभेचं सगळं आकर्षण पुरुषांचं आहे, आणि ते दुसऱ्याला मारता येण्याच्या मुभेचं आहे. या मुलीला मुभा हवी होती ती रस्त्याने घरी येण्याची. पानसेंच्या पटकथेत तिच्यासाठी जागा नाही, तरड्यांच्या तर नाहीच. तिने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे, १६०० ऐवजी मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि तिची वेळ सध्या तीन मिनिटांच्या आसपास येते.