नायट्रोजन चक्रातील वगळलेला टप्पा

शालेय पुस्तकांतील नायट्रोजन चक्राची आकृती आपल्या चांगल्या परिचयाची आहे. जमिनीतील नायट्रेट वनस्पतीत जाते, त्याची प्रथिने होतात, ती जनावरांना मिळतात. बाणापुढे बाण. आकृती सुटसुटीत आहे, चूकही नाही. परंतु ती जे वगळते ते, आमच्या मते, गौण नाही.

नायट्रेटचे एकदम प्रथिन होत नाही. आधी नायट्राइट, मग अमोनिया, मग अमिनो आम्ले असा हा प्रवास आहे. त्यासाठी विकरे लागतात आणि प्रकाशातून मिळालेली ऊर्जा लागते. पाण्याचा ताण, ढगाळ हवा किंवा कडाक्याची थंडी यांमुळे हे काम मंदावते. मुळांचे शोषण मात्र चालूच राहू शकते. खत भरपूर असेल तर नायट्रेट साठते, आणि तेही पानांपेक्षा खोडाच्या बुडख्यात अधिक.

याचे परिणाम अमेरिकेत फार पूर्वीच दिसले. कॅन्ससमध्ये मक्याची धाटे खाऊन गुरे मेली, तेव्हा एन. एस. मेयो यांनी १८९५ मध्ये त्याचे कारण पोटॅशियम नायट्रेट असल्याचे सांगितले. पुढे १९३०च्या दशकात वायोमिंगमध्ये ओटच्या वाळलेल्या चाऱ्याने गुरे दगावली. तेथेही नायट्रेटच कारण ठरले.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्याचा अमोनिया होण्याचा वेग कमी पडला, की नायट्राइट रक्तात उतरते. हीमोग्लोबिनमधील फेरस लोह फेरिक होते आणि ऑक्सिजन वाहून नेणे थांबते. रक्त चॉकलेटी दिसते, जनावर गुदमरते.

एवढा तपशील मुलांना जड जाईल, असे कोणी म्हणेल. पण कोवळ्या ज्वारीचे विष खेड्यातल्या मुलांना ठाऊक असते. ते हायड्रोसायनिक आम्लाचे. चारा नीट वाळवला की बरेचसे निघून जाते. नायट्रेट वाळवून जात नाही. वायोमिंगमधला चारा वाळलेलाच होता! आपल्याकडेही रब्बीत चाऱ्यासाठी ओट पेरतात, आणि ताण बसलेल्या ज्वारीतही नायट्रेट साठू शकते. दोन्ही विषे एकच समजणारा विद्यार्थी उद्या घरी चुकीचा सल्ला देईल.

म्हणून शिक्षकांनी आकृती फळ्यावर काढताना नायट्रेट आणि प्रथिने यांमधल्या बाणावर ‘प्रकाश, पाणी, वेळ’ एवढे तीन शब्द लिहावेत आणि विचारावे : हा बाण अडला, तर नायट्रेट कोठे जाईल?