गाणं कुणाचं? : 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'च्या निमित्तानं

माझ्याकडे हा अल्बम आला तो वेष्टनाशिवाय. कॉलेजात असताना एका मित्रानं त्याच्या थोरल्या भावाच्या रेकॉर्डवरून मला कॅसेट भरून दिली होती. एका बाजूला हा अल्बम, दुसऱ्या बाजूला बिस्मिल्ला खाँ. कागदाच्या पट्टीवर निळ्या शाईनं 'सायमन आणि गार्फंकल' एवढंच लिहिलेलं. कोण काय करतो, गाणी कुणाची, पियानोवर कोण, काही कळायला मार्ग नव्हता. मग मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. शीर्षकगीत गाणारा तो उंच, काचेसारखा स्वच्छ आवाज ज्याचा, तोच यांच्यातला कवी. दुसरा बहुधा गिटारवाला, साथीला असावा.

पुढे सात-आठ वर्षांनी रेकॉर्डचं मूळ वेष्टन हातात आलं आणि माझी समजूत उलटी ठरली. शब्द आणि चाल पॉल सायमनचे. तो उंच आवाज आर्ट गार्फंकलचा, आणि त्यानं या अल्बममधली एकही ओळ लिहिलेली नव्हती. मला चक्क फसल्यासारखं वाटलं. या फसल्यासारखं वाटण्याचाच शोध घ्यावा, असं बरीच वर्षं मनात होतं.

आपण आकाशवाणीवर वाढलेली माणसं. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर यांचा, अशी तीन नावं सांगितल्याशिवाय निवेदक गाणं सुरू करत नसे. श्रेयाची इतकी शिस्त कानावर पडूनही घरी मात्र आपण 'तलतचं गाणं', 'आशाचं गाणं' असंच म्हणत आलो. सायमन आणि गार्फंकल यांच्या बाबतीत या तीन जागांपैकी पहिल्या दोन सायमनकडे होत्या आणि तिसरी दोघांत वाटलेली होती. १९७०चा हा अल्बम घडला आणि जोडी मोडली ती या वाटणीच्या हिशेबावरून, असं माझं म्हणणं आहे. एका सिनेमानं दोघांना दूर नेलं, ही नेहमी सांगितली जाणारी कथा खोटी नाही. पण ती निमित्ताची कथा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. दोघं एकाच वयाचे, १९४१चे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या क्यू गार्डन्स हिल्समध्ये वाढलेले. शाळेच्या 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये सायमन ससा झाला होता आणि गार्फंकल मांजर. १९५७ साली 'टॉम अँड जेरी' या नावानं त्यांचं पहिलं गाणं थोडंफार चाललं. गार्फंकल टॉम, सायमन जेरी. त्यानंतर लगेचच सायमननं दुसऱ्या टोपणनावानं, मित्राला न सांगता, एकट्याची रेकॉर्ड काढली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमधली ही गोष्ट. पण गार्फंकल ती कधी विसरला नाही. १९६६च्या आरंभी 'द साउंड ऑफ सायलेन्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही गंमतशीर रीतीनं: मूळच्या साध्या ध्वनिमुद्रणावर निर्मात्यानं या दोघांना न विचारता विजेची गिटार आणि ड्रम चढवले होते. म्हणजे 'गाणं कुणाचं' हा प्रश्न या जोडीच्या पहिल्या यशातच दडलेला होता. तेव्हा तो कुणाला टोचला नाही, कारण यश दोघांचं होतं.

'द ग्रॅज्युएट' या सिनेमात त्यांची गाणी वापरणारे दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी 'कॅच-२२'साठी दोघांनाही भूमिका देऊ केल्या. मग पटकथेतून सायमनची भूमिका गळली. गार्फंकलची राहिली. १९६९च्या सुरुवातीला तो चित्रीकरणासाठी मेक्सिकोत गेला आणि ते काम लांबतच गेलं. सायमन न्यूयॉर्कमध्ये गाणी लिहीत बसला. अल्बममधल्या काही गाण्यांत ही रिकामी खोली स्पष्ट ऐकू येते. 'द ओन्ली लिव्हिंग बॉय इन न्यूयॉर्क' हे त्यातलं सर्वांत सुंदर. त्यात विमानानं निघालेल्या एका टॉमला निरोप आहे. ज्याला जुनं टोपणनाव ठाऊक आहे त्यालाच हा टॉम कोण ते कळतं. आणि मौज अशी, की या निरोपाच्या मागे ढगासारखा पसरणारा जो स्वरसमूह आहे, त्यात खुद्द टॉमचा आवाज आहे. दोघांनी मिळून एकावर एक थर चढवून तो गायला. एकटेपणाचं गाणं दोघांशिवाय पुरं झालं नाही.

याहून विलक्षण प्रकार 'सो लाँग, फ्रँक लॉइड राइट'चा. गार्फंकल कोलंबिया विद्यापीठात काही काळ वास्तुशास्त्र शिकला होता. राइट या थोर वास्तुकारावर एखादं गाणं लिही, असं त्यानंच सायमनला सुचवलं. सायमनला राइटची फारशी माहिती नव्हती. त्यानं वास्तुकाराचं नाव घेऊन मित्राचाच निरोप लिहिला आणि गायला त्यालाच दिला. हा निरोप आपला आहे हे गार्फंकलला पुष्कळ उशिरा उमगलं. गाणं विरत जाताना मागून ध्वनिमुद्रक रॉय हॅली यांचा आवाज पुसट ऐकू येतो. ते आर्टीला नावानं हाक मारून त्याचा निरोप घेतायत. मी कॅसेटवर हे ऐकलं होतं आणि टेपचा दोष समजलो होतो.

लेखक आणि गायक यांच्यातली याहून क्रूर वाटणी मला दुसरी माहीत नाही. लिहिणाऱ्याला अर्थ ठाऊक, गाणाऱ्याला नाही. तरी ऐकणाऱ्यापर्यंत अर्थ पोचतो तो गाणाऱ्याच्या गळ्यातून.

आता शीर्षकगीत. त्याचं बीज सायमनचंही पूर्णपणे नव्हतं. स्वान सिल्व्हरटोन्स या कृष्णवर्णीय गॉस्पेल गायकवृंदाची रेकॉर्ड तो त्या काळात पुन्हापुन्हा ऐकत होता. तिच्यात क्लॉड जीटर यांनी जुन्या भक्तिगीताच्या ओघात एक ओळ घातली आहे, खोल पाण्यावरच्या पुलाची. सायमननं तिथून प्रतिमा उचलली आणि हे त्यानं लपवलं नाही. गाणं झालं गिटारवर. पण हे गिटारचं गाणं नव्हे, याला चर्चमधला पियानो हवा, असं ठरलं. मग लॅरी नेक्टेल यांनी स्वर बदलून, अनेक दिवस खपून पियानोची ती साथ बांधली. आज गाणं डोळ्यांपुढे येतं ते तिच्यासकट. व्हायोलिनच्या रचनेच्या कागदावर तर शीर्षक चुकीचं ऐकून पाण्याच्या सुरईचं काहीतरी लिहिलं गेलं होतं.

सायमननं आपल्या नमुना-टेपवर हे गाणं वरच्या, पातळ आवाजात गायलं होतं. गार्फंकलला ते इतकं आवडलं की तूच गा, असं तो म्हणाला. सायमनला वाटलं, याला माझं गाणं नको आहे. एकाचं कौतुक दुसऱ्यानं नकार म्हणून ऐकलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत असं होऊ लागलं की समजावं, बोलणं संपत आलं आहे. अखेर गार्फंकल गायला. मूळ गाणं दोन कडव्यांचं, लहानसं. गार्फंकल आणि हॅली यांना त्याचा शेवट मोठा हवा होता. त्यांच्या आग्रहावरून सायमननं स्टुडिओतच तिसरं कडवं लिहिलं. ते आधीच्या दोन कडव्यांच्या जातीचं नाही, असं त्याला नंतरही वाटत राहिलं.

इथे मी सायमनच्या बाजूनं आहे. पहिल्या दोन कडव्यांत एक माणूस दुसऱ्याच्या उशाशी बसून बोलतो आहे. तिसऱ्यात ढोल-व्हायोलिनांसह मिरवणूक निघते. पण हेही कबूल केलं पाहिजे, की जगानं डोक्यावर घेतलं ते मिरवणुकीसकट. आणि मिरवणूक काढायची हा निर्णय गाणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रकाचा होता. शब्द सायमनचे, रचना मात्र तिघांनी ओढूनताणून ठरवलेली. वेष्टनावर निर्माते म्हणून सायमन, गार्फंकल आणि हॅली अशी तीन नावं आहेत, ती उगाच नाहीत.

सायमनचं दुःख त्यानं स्वतःच सांगितलं आहे. 'रोलिंग स्टोन'ला १९७२ साली दिलेल्या मुलाखतीत तो म्हणतो, की मंचावर गार्फंकल हे गाणं गायचा, लोक उठून टाळ्या वाजवायचे, आणि बाजूला बसलेल्या आपल्या मनात यायचं, हे गाणं माझं आहे. हे कोतेपण आहे, पण मला त्याचा राग येत नाही. आपल्याकडे कितीतरी गीतकारांनी हे निमूट सोसलं असेल.

मात्र सायमनची बाजू घेताना 'एल कोंडोर पासा' विसरून चालत नाही. ही धून त्यानं १९६५ साली पॅरिसमध्ये लोस इंकास या वाद्यवृंदाकडून ऐकली. अँडीज पर्वतातलं जुनं लोकसंगीत, असं त्याला सांगण्यात आलं. त्यांच्याच ध्वनिमुद्रणावर त्यानं आपले इंग्रजी शब्द बसवले. प्रत्यक्षात ही धून पेरूचे संगीतकार दानिएल अलोमिया रोब्लेस यांची, १९१३ सालची. त्यांच्या चित्रपट-दिग्दर्शक मुलानं दावा लावला आणि श्रेय मिळवलं. सायमननं जाणूनबुजून चोरी केली असं कुणी म्हणत नाही. पण ज्याला एका गाण्यावर 'हे माझं' म्हणता न आल्याचं शल्य आहे, त्याच्याच हातून त्याच रेकॉर्डवर दुसऱ्या एकाचं नाव पुसलं गेलं होतं. 'लोकसंगीत' हा शब्द किती सहज माणसं गिळतो, हे लावणीच्या आणि ओवीच्या अभ्यासकांना मी सांगायला नको.

बाकी अल्बमबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 'द बॉक्सर' वर्षभर आधीच, मार्च १९६९मध्ये, आलं होतं. त्यावर शंभराहून अधिक तास खर्ची पडले होते. त्यातला तोफेसारखा ठोका हॅल ब्लेन यांनी लिफ्टच्या मोकळ्या विवराजवळ ड्रम ठेवून मिळवला. 'सिसिलिया'चा ठेका याच्या अगदी उलट, घरगुती: लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या घरात मंडळींनी मांड्या आणि पियानोचं बाकडं बडवून टेप केला, तो हॅली यांनी पुन्हापुन्हा जोडून लांबवला. 'बेबी ड्रायव्हर' आणि 'व्हाय डोन्ट यू राइट मी' ही मला भरतीची वाटतात. 'बाय बाय लव्ह' हे एव्हर्ली बंधूंचं जुनं गाणं, आयोवातल्या कार्यक्रमातून घेतलेलं, टाळ्यांसकट. पोरवयात ज्यांची नक्कल करत ही दोघं गायला शिकली, त्यांचंच गाणं शेवटच्या अल्बमवर आहे.

गाणी अकराच आहेत. बारावं व्हायचं होतं. सायमनला निक्सनवर टीका करणारं आपलं गाणं घ्यायचं होतं, गार्फंकलला बाखची एक प्रार्थना. दोघंही हटेनात. शेवटी बारावी जागा रिकामीच सोडली. या अल्बमचं मला सर्वांत प्रामाणिक वाटणारं अंग म्हणजे ही मोकळी जागा.

३० नोव्हेंबर १९६९ रोजी सीबीएस वाहिनीवर या जोडीचा तासाभराचा कार्यक्रम झाला. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दृश्यांवर त्यात नवं शीर्षकगीत वाजलं. एवढं राजकारण नको म्हणून प्रायोजक टेलिफोन कंपनीनं आधीच अंग काढून घेतलं होतं. अल्बम २६ जानेवारी १९७०ला बाजारात आला. अमेरिकेत तो दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, गाणं सहा आठवडे. त्याच वर्षी जुलैत फॉरेस्ट हिल्सच्या टेनिस मैदानावर, म्हणजे आपल्याच क्वीन्स भागात, दोघं गायले आणि वेगळे झाले. १९७१च्या ग्रॅमी पुरस्कारांत या अल्बमनं सहा बक्षिसं नेली तेव्हा जोडी उरली नव्हती. त्यांपैकी वाद्यरचनेच्या बक्षिसात पियानोवाल्या नेक्टेल यांचं नाव होतं, याचा मला विशेष आनंद आहे. अरीथा फ्रँकलिन यांनी हे गाणं गाऊन ते पुन्हा गॉस्पेलमध्ये नेलं. आणि क्लॉड जीटर यांना सायमननं १९७३च्या आपल्या अल्बमवर गायला बोलावलं. ज्याची ओळ घेतली त्याचा आवाजही घेतला, नावासह. हे कर्ज त्यानं फेडलं.

दुसरं फेडलं का? सप्टेंबर १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाच लाख माणसांपुढे दोघं पुन्हा एकत्र गायले. मग नवा अल्बम करायचं ठरलं. गार्फंकलनं आपले भाग गाऊन ध्वनिमुद्रित केले. ती गाणी सायमनच्या खासगी आयुष्याची होती आणि ती ऐकता ऐकता त्याला वाटलं, यात दुसरा आवाज नको. त्यानं गार्फंकलचा आवाज टेपवरून काढून टाकला. १९८३ साली तो अल्बम 'हार्ट्स अँड बोन्स' नावानं सायमनच्या एकट्याच्या नावावर निघाला. श्रेयनामावलीच्या दृष्टीनं त्यात काहीच चुकलं नव्हतं. शब्द त्याचे होते, चाली त्याच्या होत्या.

तो अल्बम मी वेष्टनासकट विकत घेतला. वेष्टन वाचून झाल्यावरच लावला. काही गाणी फार चांगली आहेत. तरी वरच्या पट्टीत जिथे जागा मोकळी राहिल्यासारखी वाटते, तिथे माझा कान अजून थांबतो.