मापासाठी उभा राहिलेला माणूस

आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवेची जुनी छायाचित्रे हाती घ्यावीत आणि आधी दगडांकडे पाहूच नये. पाहावे ते त्या दगडांवर कोट-टोपी घालून उभ्या असलेल्या एखाद्या माणसाकडे. अशा कितीतरी चित्रांत तो असतो. त्याला नाव नाही, त्याची कथा नाही. निसर्गाची भव्यता डोळ्यांना उमजावी म्हणून त्या काळचे छायाचित्रकार असा माणूस चौकटीत उभा करीत. आपण त्याला क्षणभर बोटाने झाकू या. बेसॉल्टचे ते सुमारे 40,000 स्तंभ, त्यांतले बहुतेक षट्कोनी, पाहता पाहता आपले आकारमान गमावून बसतात; समोर मधाचे पोळे आहे की एखाद्या उद्ध्वस्त नगरीचा चौथरा, हे सांगता येत नाही. बोट काढले की कुठला स्तंभ गुडघ्याला लागतो, कुठला खांद्याला; आणि सहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना तडकलेला तो लाव्हा पाय ठेवण्याजोगी पायरी होऊन जातो. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ही उभी, पैलूदार रचना अनोळखी वाटत नाही, हा एक जादा आनंद.

अशा जुन्या छायाचित्रांच्या काळातला आयर्लंड ज्याच्या कॅमेऱ्यातल्या काचेवर सर्वाधिक उमटला, तो रॉबर्ट फ्रेंच (1841–1917) आधी पोलीस दलात शिपाई होता. डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटवर 1865 मध्ये दुकान थाटणाऱ्या विल्यम लॉरेन्सकडे तो नोकरीला लागला आणि पुढची कित्येक वर्षे जड कॅमेरा व काचा घेऊन देशभर हिंडला. लॉरेन्स संग्रहातल्या सुमारे 40,000 काचांपैकी बहुसंख्य त्याच्या आहेत. चित्राच्या कोपऱ्यात मात्र क्रमांकाशेजारी अक्षरे दिसतात ती मालकाची: डब्ल्यू. एल. ती अक्षरे दिसली की मी मनातल्या मनात फ्रेंचचेच नाव घेतो.

गॉलवेच्या क्लॅडा या कोळीवस्तीच्या चित्रांपाशी आपण अधिक रेंगाळावे. शाकारलेली बसकी घरे, इतकी की दारात उभ्या बाईचे डोके वळचणीला टेकेल असे वाटते. अंगावर जाड शाल. पुढ्यात अनवाणी मुले. कॉजवेवर माणूस दगडाचे माप सांगत होता. इथे घरच माणसाच्या मापाने बेतलेले आहे, त्याच्या उंचीपेक्षा जास्त काही मागायचेच नाही अशा समंजसपणाने. आणि मुले! टपाल-कार्डासाठी देखावा टिपायला आलेल्या माणसाकडे ती अशा निर्भर कुतूहलाने पाहतात, की पाहुणा कोण आणि देखावा कोणता, याची अदलाबदल व्हावी. एखादे पोर हलले असेल तर त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर पट्टा उरतो. मला तो पट्टा स्वच्छ चेहऱ्यांइतकाच प्रिय आहे, कारण त्या दुपारचा वेग तेवढ्याच जागी शिल्लक आहे. ही घरे 1930 च्या दशकात पाडली गेली. आज त्या वळचणीची उंची मोजायची तर या चित्रांतल्या बायकांच्याच आधाराने मोजावी लागते.

सॅकव्हिल स्ट्रीटच्या चित्रांत मापाचा खेळ पुन्हा उलटतो. रुंद रस्त्याच्या मधोमध 1809 मध्ये पुरा झालेला, माथ्यावर ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा असलेला स्तंभ आणि त्याच्याभोवती ट्राम, घोडागाड्या, छत्र्या, टोप्या यांची दाटी. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावात लॉरेन्सचे दुकान जळाले, माणसांच्या तसबिरींच्या काचा गेल्या. देखाव्यांच्या काचा दुसरीकडे ठेवलेल्या असल्यामुळे वाचल्या आणि 1943 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो संग्रह 300 पौंडांना घेतला. रस्त्याला 1924 मध्ये आयरिश नेते ओकॉनेल यांचे नाव मिळाले. स्तंभ 1966 मध्ये स्फोटाने उडवला गेला. काचांपुरते पाहिले तर पोझ देऊन बसलेली माणसे नष्ट झाली, आणि केवळ वाटेत आली म्हणून टिपली गेलेली माणसे टिकली. हा योगायोग मला विलक्षण वाटतो. काचेवरचा तपशील इतका सूक्ष्म आहे की मोठा करून पाहिला तर दुकानांच्या पाट्या वाचता येतात, फुटपाथवर थबकलेल्या माणसाची उभे राहण्याची ढब कळते. त्या स्तंभाच्या पायथ्याशी फुलवाल्या बसत असत. नेल्सनला वरच राहू द्यावे आणि ट्रामच्या चाकांपलीकडे, गर्दीच्या पायांमधून, त्यांच्या टोपल्या शोधू लागावे.