४६ मुलं की १ बालवाडी? जंगलातल्या खेळावरचा एक पेपर वाचताना

मुलांना जंगलात मोकळं खेळू द्यावं असं मांडणाऱ्या लेखनात एक संदर्भ वारंवार भेटतो: इंगुन फ्योर्टॉफ्ट यांचा नॉर्वेतला अभ्यास, २००१. सिनॉप्सिस लिहिताना तुम्हीही तो घ्याल. घ्याच, पण आधी नीट वाचा.

अभ्यास थोडक्यात असा. टेलेमार्क भागातल्या ३ बालवाड्या, ५ ते ७ वर्षांची मुलं. एका बालवाडीतली ४६ मुलं रोज १-२ तास शेजारच्या जंगलात खेळायची. आसपासच्या बालवाड्यांतली २९ मुलं तेवढाच वेळ नेहमीच्या मैदानात खेळायची, जंगलात क्वचितच जायची. सुरुवातीला आणि साधारण ९ महिन्यांनी युरोफिट ही शारीरिक क्षमतेची चाचणी घेतली. तोल आणि समन्वय या दोन बाबतींत जंगलातली मुलं लक्षणीय पुढे निघाली.

यात चांगलं बरंच आहे. मुलं ९ महिन्यांत तशीही वाढतात, म्हणून तुलनेचा गट हवाच होता, आणि तो आहे. बाहेर खेळण्याचा वेळ दोन्हीकडे सारखा ठेवलाय. शिवाय जमिनीचा चढ-उतार, झाडं-झुडपं आणि मुलांचे खेळ यांची सांगड घातली आहे. खडबडीत जमिनीवर पळून तोल सुधारतो, हे कारण पटण्यासारखं आहे.

आता अडचण. एका वाफ्याला शेणखत घातलं, शेजारच्या दोन वाफ्यांना नाही, आणि प्रत्येक वाफ्यातली रोपं मोजली. खताचा प्रयोग किती वेळा झाला? एकदाच! रोपं कितीही मोजा, माती आणि पाणी त्या वाफ्याचंच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातल्या या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे छद्म-पुनरावृत्ती, असं नाव दिलं.

इथेही तसंच आहे. जंगल ४६ मुलांना एकेक करून मिळालं नाही, एका बालवाडीला मिळालं. तिथल्या ताई, दिनक्रम, पालक, सगळंच सामायिक. मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेलीही नव्हती. मग फरक जंगलामुळे पडला की त्या बालवाडीमुळे, हे या रचनेतून वेगळं करता येत नाही. मिश्र प्रतिमान वापरूनही नाही, कारण जंगलाच्या बाजूला बालवाडी एकच आहे.

दुसरा मुद्दा आपल्या विषयाच्या जास्त जवळचा. हा पेपर 'मुलांनी स्वतः ठरवलेला खेळ' चांगला, यासाठीही वापरला जातो. पण खेळ कोण ठरवतंय, हा घटक इथे बदललेलाच नाही. बदलली ती जागा. मुलांच्या स्वातंत्र्याबद्दल काही म्हणायचं तर त्याच जंगलात मोठ्यांनी आखलेला खेळ आणि मुलांनी आखलेला खेळ यांची तुलना हवी, तीही बऱ्याच बालवाड्यांत.

म्हणून 'जंगलातल्या खेळाने क्षमता वाढते हे सिद्ध झाले आहे' असं लिहू नका. असं लिहा: 'एका बालवाडीत जंगलात खेळणाऱ्या मुलांचा तोल व समन्वय अधिक सुधारलेला आढळला, कारण तपासण्यासाठी अधिक बालवाड्यांवर अभ्यास हवा.' वाक्य जरा फिकं वाटेल, पण तुमचा संशोधन-प्रश्न त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. व्हायव्हामध्ये 'तुमचा एन किती?' असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा: कशाचा?